सावलीचा उतार

आमच्या घरात एक डोंगर आहे, आणि तो खऱ्या डोंगरापेक्षा दोन रेषांनी उंच आहे. हे वाक्य बाबांचं. पाहुणा चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच ते त्याला ऐकवतात, मग स्वयंपाकघराच्या दिशेने हनुवटी उडवून म्हणतात, "हिने केला." राईचा पर्वत सगळ्याच बायका करतात, आमच्या हिने पर्वताचा पर्वत केला, हा त्यापुढचा विनोद. तोही ठरलेला. आई आतून ऐकते आणि कपबश्या विसळत राहते. एरवी भाजीवाल्याला दोन शब्दांत गार करणारी ही बाई या एका बाबतीत तोंडात मिठाची गुळणी धरून बसते, याचा मला लहानपणापासून राग येत आलाय. बाबांचा येतो त्याहून आईचा जास्त येतो.

दोघंही नकाशा खात्यातले. बाबा मोजणीदार. वर्षातले कोरडे महिने ते तंबू, दुर्बीण आणि टेप घेऊन रानावनात असायचे, म्हणून ऑफिसात त्यांना पायगाडी म्हणत. आई यंत्रावर बसायची. आज मीही त्याच खात्यात आहे, तळमजल्यावरच्या नकाशाघराच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. म्हणजे आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नसतो, हे वेगळं सांगायला नको.

तो डोंगर ज्या नकाशावर आहे, तो दाट जंगलाच्या एका डोंगराळ मुलखाचा पहिला नीट नकाशा. आधी विमानातून फोटो काढले गेले. एकाच जागेचे दोन फोटो, जरा अंतराने काढलेले. आईच्या यंत्रात डाव्या डोळ्याला एक फोटो दिसायचा आणि उजव्याला दुसरा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले की सपाट कागदातून डोंगर वर उठायचा. त्यावर प्रकाशाचा एक बारीक ठिपका असे. दोन हातांनी दोन चाकं फिरवत तो ठिपका एकाच उंचीवर जमिनीला चिकटवून डोंगराभोवती फिरवायचा. बाजूच्या टेबलावर पेन्सिल आपोआप त्याची रेष काढायची. शाळेच्या भूगोलात आपण समोच्च रेषा म्हणतो त्या ह्याच. ठिपका जरा हवेत तरंगला किंवा जमिनीत बुडाला, की रेष चुकली.

आता जंगलात जमीन दिसते कुठे? वरून दिसतात ते झाडांचे शेंडे. म्हणून ठिपका शेंड्यांवरून चालवायचा आणि झाडांची उंची वजा करायची. ती उंची मोजून कळवायचं काम मोजणीदाराचं. प्रत्येक उतारावरची झाडं मोजायची आणि आकडा ऑफिसला द्यायचा. त्या मुलखातले आकडे बाबांचे होते. त्यांनी मोजायचं, तिने वजा करायचं, असा तो संसार.

आणि हे दोघं एकमेकांचं काम कधी बघू शकले नाहीत. यंत्राच्या खोलीत धूळ चालत नसे. आत जाणारे दारात चपला काढून कापडी मोजे घालत, आणि रानातून आलेल्या मोजणीदारांना तर तिथे साफ बंदी होती. दाराला एक झडप होती, तिच्यातून कागद आत सरकवायचे. बाबांनी सगळ्या नोकरीत आपल्या बायकोला यंत्रावर बसलेली एकदाही पाहिलेली नाही. झडपेतून तिचा हात मात्र दिसे. त्यामुळे आत बसून डोंगर काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं त्यांचं पक्कं मत होतं. "दुरून डोंगर साजरे," म्हणायचे. "पाय मोडल्याशिवाय डोंगर कळत नाही."

मग चूक कशी सापडली? काही वर्षांनी त्या डोंगराच्या एका उतारावरचं जंगल तोडलं गेलं. सावलीचा उतार म्हणतात त्याला, कारण ऊन तिकडे जेमतेम पोहोचतं. झाडं गेली आणि रस्त्याचे इंजिनिअर गेले, तर जमीन नकाशापेक्षा दोन रेषा खाली. उन्हाच्या उताराला सगळं बरोबर, सावलीच्या उतारालाच फरक. चौकशी झाली. बाबांनी दिलेली झाडांची उंची बरोबर दोन रेषांइतकी होती. म्हणजे यंत्रावरच्या बाई त्या उताराची वजाबाकी करायलाच विसरल्या, असा सरळ हिशेब मांडला गेला. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, राहिलं असेल माझ्याकडून.

तिला यंत्रावरून उठवलं. निवृत्त होईपर्यंत ती वरच्या मजल्यावर नकाशांच्या चौकटी आखत आणि नद्यांची नावं लिहीत बसली. बाबा तेव्हा नव्या मोसमासाठी रानात होते. परत आले तोवर सगळं उरकलं होतं, आणि ऑफिसात त्या नकाशाला बाईंचा डोंगर असं नाव पडलं होतं. बाबांना वाईट वाटलं असणार. त्यांनी आपल्या पद्धतीने ते थट्टेवर नेलं, आणि थट्टा एकदा रुळली की तिच्यातलं वाईट वाटणं गळून जातं आणि नुसती थट्टा उरते.

बाबांची दुसरी एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. ती दर वर्षी माझ्या वाढदिवसाला होते. बाबा रानात तळावर होते, मोसमाचे शेवटचे दिवस होते, आणि ओंडके न्यायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने निरोप आणला की बायकोला दवाखान्यात नेलंय. बाबांनी हातातली वही सहकाऱ्याच्या हातात कोंबली आणि तसेच ट्रकवर चढले. पुढे जागा नव्हती, म्हणून मागे ओंडक्यांवर बसून आले. गुडघ्यापर्यंत चिखल. दवाखान्यातल्या नर्सने दारातच अडवलं. मग अंगणातल्या नळाखाली त्यांनी पाय धुतले, बूट तिथेच सोडले आणि अनवाणी आत गेले. ही गोष्ट सांगताना बाबा ऐंशीचे राहत नाहीत. नर्सची नक्कल करतात, ओंडक्यावर बसल्यासारखे खुर्चीत डुलतात. आई दारात उभी राहून ऐकते, आणि त्या वेळी ती कपबश्या विसळत नाही.

या वर्षी आमच्या खात्याने जुन्या नकाशांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आमचे साहेब नवे, वयाने माझ्याहून बरेच लहान आणि उत्साहाने ओसंडणारे. लोकांना बरोबर नकाशे बघायला आवडत नाहीत, चुकलेले आवडतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. म्हणून त्यांनी एक चुकांचा कोपरा काढला आणि तिथे बाईंचा डोंगर लावायचं फर्मान सोडलं. बाई म्हणजे माझी आई, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाटीवरचा मजकूर मी लिहायचा होता. दोनच ओळी, म्हणाले, यंत्रावरची चूक म्हणून, जरा गमतीदार. जुन्या लोकांना बोलावणं गेलं. बाबांना तर दोन शब्द बोलायला सांगितलं.

बाबांनी त्याच दिवशी शर्ट इस्त्रीला दिला. आरशासमोर उभे राहून पर्वताचा पर्वत घोळवू लागले. इतकी वर्षं चार पाहुण्यांपुढे होत होतं ते आता दिवाणखान्याबाहेर जाणार होतं. खालच्या मोठ्या खोलीत, सगळ्या खात्यासमोर, भिंतीवरच्या पाटीसकट. आणि ती पाटी लिहिणार होते मी. माझं डोकं फिरलं. साहेबांना सांगून नकाशा काढून घेता आला असता, पण मग त्याचं कारण सांगावं लागलं असतं, आणि माझ्या आईची चूक झाकून ठेवा असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

प्रदर्शनात नकाशाशेजारी तेच जुने फोटोही ठेवायचे होते. आमच्याकडे एक छोटा स्टिरिओस्कोप आहे. चार पायांवर उभी दोन भिंगं, बाकी काही नाही. ऑफिसात त्याला घोडी म्हणतात. खाली फोटोंची जोडी ठेवली की आईच्या यंत्रात दिसायचं तसंच उठून दिसतं, लहान प्रमाणात. फोटोंच्या नव्या प्रती काढून आणल्या होत्या, त्या जमतात का ते बघायला मी घोडी मांडली.

आधी उन्हाचा उतार बघितला. झाडं दाट, एका उंचीची, मधूनमधून उघडी जमीन. मग धार ओलांडून सावलीच्या उतारावर आले. तिथे जमीन दिसतच नव्हती, फक्त एका जागी दरड कोसळून थोडासा तुकडा उघडा पडला होता. त्या तुकड्यात मी डोकावले आणि विहिरीत डोकावल्यासारखं झालं. चारी बाजूंनी झाडं वर गेलेली, जमीन खोल तळाशी. परत उन्हाच्या उताराला गेले, परत इकडे आले. सावलीतली झाडं तिकडच्या झाडांच्या दुप्पट होती. तिथे पाणी जास्त, ऊन मिळवायला चढाओढ जास्त, झाडं वाढणारच.

मी घोडी बाजूला सारली आणि खुर्चीत बसून राहिले. झाडं दुप्पट असतील तर त्यांची उंची चार रेषांची. आई वजाबाकी विसरली असती तर डोंगर चार रेषांनी चढला असता. तो दोनच चढला होता. आईने वजा केलं होतं. झडपेतून जेवढं आत आलं तेवढं तिने इमानाने वजा केलं होतं. चुकला होता तो आकडा.

दुसऱ्या दिवशी बाबा केस कापायला गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. आई शेंगा निवडत होती. मी समोर बसले आणि बघितलं ते सगळं सांगितलं. ती मान वर न करता ऐकत होती.

"तुला तेव्हा दिसलं होतं का?" मी विचारलं.

"भिंगातून बघणारीला दिसणार नाही तर कुणाला? तेवढ्यासाठीच बसवलं होतं ना मला," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, शेंगा मोडता मोडता. आकडा आणि डोळा यांचं जमलं नाही, तर यंत्रावरच्या माणसाने शंका कळवायची असा नियम होता. शंका कळवली की तपासायला दुसरा माणूस रानात जायचा. तो गेला असता तर तळावरच्या लोकांना विचारलं असतं की त्या दिवसांत मोजणीदार कुठे होता. आणि मोजणीदार त्या दिवसांत परवानगी न घेता ओंडक्यांवर बसून दवाखान्यात आला होता. उन्हाचा उतार मोजून झाला होता, सावलीचा राहिला होता. तो परत जाईतो मोसम संपला आणि तळ हलला. मग त्याने घरी, या इथल्याच टेबलाशी बसून, उन्हाच्या उताराचा आकडा सावलीच्या उताराला लावून टाकला. जंगल एकच, झाडं तीच, असं तो तेव्हा म्हणाल्याचं तिला आठवत होतं. त्याच वर्षी बाबांच्या बरोबरीच्या एका मोजणीदाराला तळ सोडला म्हणून घरी बसवलं होतं.

"रजेवरून परत यंत्रावर बसले तर हा उतार समोर," आई म्हणाली. "तू शेजारणीकडे. सारखं लक्ष तुझ्याकडे, म्हणून मला आधी वाटलं आपलाच डोळा चुकतोय. तीन वेळा बघितलं."

मी म्हटलं, तेव्हा नाही तर नाही, चौकशीत तरी बोलायचं. ती म्हणाली, चौकशीत बोलले असते तर दोघांवर आलं असतं. त्यांनी मोजलं नाही म्हणून त्यांच्यावर, मला माहीत असून मी रेष ओढली म्हणून माझ्यावर. एकावर भागत होतं.

"मग घरी तरी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "जन्मभर ते थट्टा करतात आणि तू ऐकून घेतेस."

तिने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं.

"त्यांना तुझ्या जन्माची गोष्ट किती आवडते, बघतेस ना? ती सांगताना ते कसे दिसतात ते मला दर वर्षी बघायचं असतं. हे कळलं तर पुढच्या वाढदिवसाला सांगतील का ते ती गोष्ट? डोंगराचं काय, तो बोलून दाखवत नाही. तू आपली लिहून टाक, यंत्रावरची चूक."

आणि तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं की मी बाबांना काही सांगणार नाही.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मला त्या आठवड्यात नीट कळलं. पाटी लिहायला बसावं तर खोटं उमटायचं. खरं लिहावं तर इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्या बापाला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण माझा स्वभाव आईचा नाही. गप्प बसलं की माझ्या पोटात दुखतं. बाबांना सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. टेबलावर काही ठेवणार नाही असं काही कबूल केलं नव्हतं.

मी घोडी आणि फोटो घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले.

बाबांनी विचारलं हे काय. मी म्हटलं, आईचं यंत्र, धाकटं. बाबा लगेच चष्मा काढून वाकले. दोन सपाट फोटो दिसतायत, म्हणाले, यात काय एवढं. दोनदा हलवून बघितलं आणि त्यांचं पेटंट हसू हसले. आई हात पुसत बाहेर आली. मांडलेलं बघून तिने आधी माझ्याकडे बघितलं, असं बघितलं की मी जमिनीकडे पाहू लागले. तिने फोटो उचलून नेलेही असते. पण ते वाकडे लागले होते, आणि वाकडा लागलेला फोटो तिला बघवेना. तिने बोटाने एक फोटो किंचित सरकवला.

"डोळे सैल सोडा," ती म्हणाली. "ओढून बघू नका. बघा आता."

"अरे, हा तर वर उठला," बाबा म्हणाले.

मग पुढचा बराच वेळ आमच्या घरात एक म्हातारा लहान झाला होता. हा ओढा, याच्यात मी घसरलो होतो. ही आमची तळाची जागा, हे बघ, तंबूची पांढरी टिकली. ही चढण, हिने माझे गुडघे खाल्ले. अगं, हे सगळं तुला असं दिसायचं? बसल्या जागी? आई त्यांच्या खांद्याशी वाकून फोटो सरकवत होती, आणि तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांनी तिच्या खोलीत कुणीतरी बूट काढून आलं होतं.

उन्हाचा उतार संपला तेव्हा ती म्हणाली, पुरे झालं, मान अवघडेल. बाबा म्हणाले, थांब गं, धारेपलीकडे जाऊ दे. तिने फोटोवर हात ठेवला. त्यांनी तो हात हळूच उचलून बाजूला केला आणि फोटो आपणच सरकवला. एव्हाना त्यांना जमायला लागलं होतं.

ते बोलायचे थांबले. आधी मला वाटलं, काही दिसत नसेल. मग त्यांच्या बोटांनी फोटो उन्हाच्या उताराला परत आणला, परत सावलीकडे नेला, परत आणला. मी केलं होतं तसंच. जन्मभर झाडं मोजलेला माणूस तो. त्याला मी काय सांगणार होते?

"ही दरडीजवळची झाडं," ते म्हणाले. मान वर केली नाही. "मी किती लिहिली होती?"

"आठवत नाही," आई म्हणाली. ज्या बाईला शेजारणीच्या लग्नात कोण कुठे बसलं होतं ते आठवतं, ती बाई.

"मी गेलोच नव्हतो तिकडे." हे ते आम्हाला सांगत नव्हते, स्वतःला सांगत होते. मग त्यांनी मान वर केली. भिंगांच्या कडेचे वळ डोळ्यांभोवती उठले होते. "तुला दिसत होतं हे."

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

आईने भिंगांखालचे फोटो गोळा केले, एकावर एक नीट ठेवले.

"तुम्ही घरी आला होतात ना," ती म्हणाली.

बाबा उठून बाहेर गेले. मला आपण केलं त्याची लाज वाटली. या वयात त्यांना हे दाखवून मी कुणाचं भलं केलं, असं वाटू लागलं. आईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, आता वाटून काय उपयोग, जा, पान घे जेवायला. बाबा अंधार पडायच्या आत आले. त्या दिवशी आणि त्यानंतरही तो विनोद घरात झाला नाही. पाहुणे आले तेव्हा बाबांनी चहा स्वतः केला, वाईट केला, आणि डोंगराचं नाव काढलं नाही. खरं सांगायचं तर मला घर सुनं वाटलं. त्यांनी ती चूक लपवली होती असं मला आजही वाटत नाही. ती चूक आहे हेच त्यांना कधी वाटलं नव्हतं. आकडा लिहिला, मूल बघितलं, विसरले. आता त्यांना एकाच वेळी सगळं आठवत होतं, आईचं यंत्र गेलं ते, चौकटी आखत घालवलेली वर्षं, आणि रोजची थट्टा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला. नकाशावर लिहायचे तसं उभं, सुटं अक्षर. पाटीचा मजकूर, म्हणाले. मी वाचला. सावलीच्या उताराची झाडं न मोजता आकडा लिहिला गेला, त्यामुळे तो उतार दोन रेषा उंच आला आहे, चूक मोजणीदाराची आहे. त्याखाली त्यांचा हुद्दा. आईने माझ्या हातून कागद घेतला, वाचला, पेन मागितलं आणि खाली एक ओळ वाढवली. यंत्रावर बसणारीला हे दिसत होतं, तिने तसंच काढलं. बाबा म्हणाले, हे खोड. आई म्हणाली, नकाशा माझा आहे, माझी अर्धी चूकही तुम्ही एकट्याने कशी नेता? त्यावर दोघांचं वाजलं, आणि मला फार बरं वाटलं.

साहेबांनी पाटी वाचली. यात गंमत कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उद्या बोलणाऱ्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी खालची खोली भरली होती. आईला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मी दाराशी, किल्ल्या हातात घेऊन उभी होते. बाबा उठले आणि नकाशाजवळ गेले.

मग त्यांनी सुरुवात केली, ती ट्रकच्या ड्रायव्हरपासून. वही सहकाऱ्याच्या हातात कोंबली तिथपासून. ओंडक्यांवर बसून आले, नर्सने अडवलं, नळाखाली पाय धुतले. नर्सची नक्कल केली. लोक हसले. ऐंशी वर्षांचा माणूस भर सभेत खुर्चीशिवाय ओंडक्यावर डुलत होता. माझ्या जन्माची सगळी गोष्ट त्यांनी जशीच्या तशी सांगितली, आणि ती संपते तिथे, अनवाणी आत गेलो तिथे, या वेळी थांबले नाहीत.

"आणि मी तिकडे होतो तेव्हा," त्यांनी नकाशावर बोट ठेवलं, "मी इथे असायला हवं होतं. या उतारावर. मी नव्हतो, म्हणून हा डोंगर उंच आहे. लोक याला बाईंचा डोंगर म्हणतात. मीच सगळ्यात जास्त म्हटलंय. बाईंनी हा डोंगर चुकवला नाही. बाईंनी तो माझ्यासाठी उचलून धरला. आजपर्यंत."

साहेब पाटीकडे बघत होते.

"एवढी कसली घाई होती, असं कुणी विचारलं तर," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात लांब करून दाराकडे दाखवलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या केसांची, चष्मेवाली, किल्ल्यांचा जुडगा घेतलेली बाई. "ती ही."

कुठे बघावं ते मला कळेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आईचा आवाज आला. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. डोंगराच्या बाबतीत ती पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होती.

"आणि एवढे धावत आले," ती म्हणाली, "तर ही झोपलेली होती."